करवंटीपासून घरगुती भांडी

आपल्या बोलीत ‘हाती करवंटी येणे’ याचा अर्थ भिकेला लागणे असा होतो. ज्या वस्तूस किंमत नाही ती करवंटी, अशी समजूत या वाक्प्रयोगामागे आहे. नारळाच्या झाडाचे मात्र कोणतेच अंग वाया जात नाही, असे आपणच अभिमानाने सांगतो. झावळ्यांनी छप्पर शाकारले जाते, हिरांचे केरसुण्या होतात, सोडणापासून काथ्या निघतो. काथ्याच्या धंद्यासाठी तर 1953 साली स्वतंत्र कायदा होऊन मंडळ स्थापन झाले. खोबरे, तेल व पेंड यांचा उपयोग सर्वांस ठाऊक आहेच. राहता राहिली करवंटी. ती बहुधा चुलीत जाते किंवा परसात पडून राहते.

चुलीत गेलेली करवंटी निदान जळण तरी होते. परसात उताणी पडलेली करवंटी मात्र घराला घातक ठरते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून करवंट्यांचा उपयोग करणे हे काटकसरीचे काम आहे, तसेच ते आरोग्याचेही आहे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व पालघर जिल्ह्यांतील तसेच गोव्यातील नारळाच्या बागा असलेल्या गावी हे काम सहज करता येण्याजोगे आहे. ते नवीनही नाही. कोकणातील जुन्या स्वयंपाकघरात भात व आमटी वाढण्यासाठी करवंटीची डवली असे आणि मीठ ठेवण्यासाठी करवंटी वापरीत, कारण मिठाने धातूचे भांडे खराब होते, करवंटी होत नाही. केरळात तर करवंटीत पिठाचे पुट्टू उकडण्याची रीत आजही आहे. पितळ, ॲल्युमिनियम, पोलाद आणि शेवटी प्लॅस्टिक यांच्या मागे ही भांडी पडली. ती पुन्हा कशी करावीत, कोणती करावीत व कोणत्या कामी वापरू नयेत, याची माहिती पुढे दिली आहे.

करवंटीचे गुणधर्म

संपूर्ण नारळाच्या वजनात करवंटीचा वाटा सुमारे 12 ते 15 टक्के असतो. पक्व नारळाच्या करवंटीची जाडी साधारणपणे 3 ते 5 मिलिमीटर भरते. ती काष्ठमय द्रव्याची बनलेली असते. त्यातील लिग्निन नावाच्या घटकामुळे तिला कठीणपणा येतो. ती उष्णता सावकाश वाहून नेते, म्हणून गरम कांजीने भरलेला करवंटीचा वाडगा हातात धरता येतो. परंतु ती लाकडाप्रमाणेच जळते. करवंटीचे भांडे विस्तवावर ठेवण्याचे नाही, हे प्रथमच ध्यानात घ्यावे.

करवंटीच्या एका टोकास तीन डोळे असतात. त्यांपैकी एकच डोळा मऊ असतो व त्यातून कोंब बाहेर येतो. नारळ मधोमध आडवा कापला म्हणजे दोन वाट्या होतात. एक डोळ्यांची, दुसरी बिनडोळ्यांची. वाडगा, पेला व डवली यांसाठी बिनडोळ्यांची वाटी घ्यावी. डोळ्यांची वाटी मात्र फेकू नये. मऊ डोळा मोकळा केला की तिचे तेल ओतण्याचे लहान नसराळे होते. पाणी निथळून जात असल्याने साबण ठेवण्यास ती चांगली. आणि रोपे लावण्यासाठी कुंडी म्हणूनही ती उपयोगी पडते.

नारळाची निवड

या कामातील निम्मे यश निवडीत आहे. नारळ पूर्ण पक्व, म्हणजे 11 ते 12 महिन्यांचा असावा. अशा नारळाची करवंटी काळपट तपकिरी, जड व कठीण असते आणि बोटाच्या गाठीने वाजविल्यास खणखणीत आवाज देते. शहाळ्याची किंवा अर्धवट तयार नारळाची करवंटी फिकट व मऊ असते. ती ओली असताना सुबक दिसते, पण वाळताना आकसते व तडकते. तिच्यावर केलेले सर्व श्रम फुकट जातात.

आकारात गोल व काठ सारख्या जाडीचा असा नारळ पाहावा. लांबोळ्या नारळाचे पेले व डवल्या बऱ्या होतात. गोल नारळाचे वाडगे. एकाच झाडाचे नारळ बहुधा सारख्या घाटाचे असतात. जोडीने किंवा सहाच्या संचाने भांडी करावयाची असल्यास एकाच झाडाचे नारळ वेगळे काढून ठेवावेत.

लागणारी हत्यारे

बारीक दात्यांची लहान करवत, एक चपटी व एक गोल कानस, सामता किंवा हाताने फिरविण्याचे गिरमिट, धारदार सुरी, काचकागदाचे खरखरीत ते बारीक असे तीन-चार प्रकार आणि जुने सुती कापड एवढे साहित्य पुरते. काचकागद संपल्यास शेवटच्या घोटाईसाठी खरवताची वाळलेली खरखरीत पाने वापरता येतात. ही हत्यारे प्रत्येक घराने विकत घेण्याचे कारण नाही. आठ-दहा घरांत किंवा एका बचत गटात एक संच असला तरी काम भागते.

करवंटी गोल असल्याने कापताना घसरते व हाताला इजा होते. यासाठी जाड फळीत नारळाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे गोल भोक पाडून घ्यावे. त्यात गोणपाटाचा तुकडा घालून नारळ बसविला म्हणजे तो हलत नाही.

वाडगा तयार करण्याची रीत

1. सोललेल्या नारळावरील तंतू सुरीने खरवडून काढावेत. मऊ डोळा टोचून आतील पाणी भांड्यात काढून घ्यावे.

2. कापण्याची रेघ आखावी. यासाठी पेन्सिल इच्छित उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर आडवी धरावी व नारळ तिच्या टोकाशी टेकवून फिरवावा. म्हणजे चहूकडून सारख्या उंचीवर रेघ उमटते.

3. नारळ कोयत्याने फोडू नये. आघाताने करवंटीस केसासारखे सूक्ष्म तडे जातात. ते त्या वेळी दिसत नाहीत, पण भांडे वापरात आल्यावर त्यातून पाणी झिरपू लागते. रेघेवर करवत चालवून नारळ थोडा थोडा फिरवीत राहावे. करवंटीच्या जाडीएवढाच काप सर्व बाजूंनी पुरा झाला की हलकेच ठोकावे. खोबऱ्यासह दोन वाट्या सुट्या होतात.

4. खोबरे नेहमीप्रमाणे खवणीवर खवून घ्यावे. खोबऱ्याची अखंड वाटी हवी असल्यास दोन-तीन दिवस वाळू द्यावे; खोबरे आकसून करवंटीपासून आपोआप सुटते. अशा रीतीने नारळाचा खाण्याचा भाग मुळीच वाया जात नाही.

5. आता तड्यांची परीक्षा करावी. करवंटी पाण्याने काठोकाठ भरून कोरड्या कागदावर रात्रभर ठेवावी. सकाळी कागद ओला दिसल्यास ती करवंटी अन्नाच्या भांड्यासाठी बाद समजावी. ही परीक्षा टाळून पुढचे काम करू नये. घोटाईस लागणारे श्रम फुटक्या करवंटीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

6. याच रात्रीच्या भिजण्याने आतील उरलेले खोबरे व बाहेरील तंतू मऊ होतात. सुरीने किंवा कानशीने ते सर्व काढून टाकावेत. खोबऱ्याचा लहानसा अंश आत राहिला तरी त्यास पुढे खवट वास येतो.

7. करवंटी सावलीत, वाऱ्यावर तीन-चार दिवस पालथी ठेवून वाळवावी. लवकर वाळावी म्हणून कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. बाहेरचा भाग आधी व आतला मागून वाळल्याने करवंटीत ताण निर्माण होतो व ती तडकते.

8. काठ सारखा करण्यासाठी सपाट फळीवर काचकागद पसरून त्यावर वाटी पालथी ठेवावी व गोल गोल घासावी. नंतर काठाच्या आतल्या व बाहेरच्या कडा बोथट कराव्यात, म्हणजे ओठांस लागत नाहीत.

9. प्रथम खरखरीत, मग मध्यम आणि शेवटी बारीक काचकागदाने आतून-बाहेरून घासावे. प्रत्येक प्रकारचा कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत वापरावा. पाण्यात भिजणारा कागद मिळाल्यास तोच घ्यावा व ओले करून घासावे. धूळ उडत नाही.

10. वाडगा बसका राहावा म्हणून बुडाचा भाग किंचित घासून सपाट करावा. मात्र एक मिलिमीटरपेक्षा अधिक घासू नये. बूड पातळ होऊन फुटते. त्यापेक्षा काथ्याची लहान चुंबळ करून तीवर वाडगा ठेवणे अधिक चांगले. दुसऱ्या करवंटीची कापून घेतलेली कडीही बुडास बाहेरून चिकटविता येते.

तेल देणे

अन्नाच्या भांड्यास रंग, रोगण किंवा लाकडास लावण्याचे चकाकी आणणारे द्रव कदापि लावू नये. गरम व आंबट पदार्थांनी त्यांचे पापुद्रे सुटतात व पोटात जातात. असे लेप शोभेच्या वस्तूंपुरतेच ठेवावेत.

भांड्यास खाण्याचे खोबरेल तेल द्यावे. सुती कापडाच्या बोळ्याने पातळ थर लावावा, तासभर मुरू द्यावा व उरलेले तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. असे दोन-तीन वेळा केल्याने करवंटीचा मूळचा काळा-तपकिरी रंग खुलतो. तेल जास्त लावल्यास ते चिकट होते व खवटते. महिन्या-दीड महिन्याने भांडे रुक्ष दिसू लागल्यास पुन्हा एक हात द्यावा.

जवसाच्या खाण्याच्या तेलाचा थर अधिक टिकाऊ होतो; पण तो सुकण्यास दोन-तीन आठवडे लागतात. दुकानात रंगकामासाठी मिळणारे उकळलेले जवस तेल घेऊ नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात. तसेच जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून एकत्र टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावेत.

डवली तयार करण्याची रीत

डवलीसाठी बिनडोळ्यांची, थोडी उथळ वाटी घ्यावी व वरीलप्रमाणे घासून तयार करावी. दांडा 30 ते 35 सेंटिमीटर लांबीचा असावा. पक्क्या बांबूची चीप उत्तम. साग, फणस किंवा शिवण यांचे लाकूडही चालते. काजरा व कण्हेर यांच्या काठ्या मात्र चुकूनही वापरू नयेत. ही झाडे विषारी आहेत आणि कोकणात दोन्ही हाताशी असल्याने हा इशारा मुद्दाम देत आहोत.

वाटीच्या एका बाजूस काठापासून एक सेंटिमीटर खाली व बरोबर समोरच्या बाजूस दोन सेंटिमीटर खाली अशी दोन भोके पाडावीत. खिळ्याच्या टोकाने आधी खूण करून आतून लाकडाचा आधार द्यावा व गिरमिट हलक्या हाताने फिरवावे. जोर दिल्यास भोकापासून चीर जाते. मग गोल कानशीने भोके थोडी थोडी मोठी करावीत.

दांड्याचे टोक निमुळते करून वरच्या भोकातून आत व समोरच्या भोकातून किंचित बाहेर काढावे. बाहेर आलेल्या टोकास आडवे छिद्र पाडून बांबूची बारीक खुंटी मारावी, म्हणजे दांडा निसटत नाही. दांडा बसविण्यापूर्वी पूर्ण वाळलेला असला पाहिजे. वाळलेला दांडा वापरात भिजून फुगतो व भोकात घट्ट बसतो. ओला दांडा बसविल्यास तो पुढे वाळून आकसतो आणि डवली डुगडुगू लागते. खिळे किंवा चिकटवणारे द्रव्य यांची डवलीस गरज नाही.

वापरताना घ्यावयाची काळजी

भांडे वापरून झाल्याबरोबर धुवावे. रात्रभर पाण्यात टाकून ठेवू नये. राख किंवा सौम्य साबण पुरतो. धुतल्यावर पालथे ठेवून पूर्ण कोरडे करावे. पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके दिसल्यास गरम पाण्याने धुवून थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावे व पुन्हा तेल द्यावे. दूध, दही किंवा माशांचे कालवण करवंटीत साठवू नये, वास मुरतो. तडा गेलेल्या भांड्यात अन्न वाढू नये, कारण तड्यात अडकलेले अन्न धुतले जात नाही. असे भांडे बुडास भोक पाडून रोपासाठी द्यावे. घरच्या पेल्याचा माप म्हणून उपयोग स्वयंपाकापुरता करावा. देवघेवीत मान्यताप्राप्त मापेच वापरली पाहिजेत.

घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांस अपायकारक आहे. काम पडवीत किंवा अंगणात करावे, नाकातोंडास ओलसर फडके बांधावे आणि लहान मुलांस जवळ बसवू नये.

खर्च व किंमत

ही भांडी विकावयाची असल्यास हिशेब आधी मांडला पाहिजे. करवंटी फुकट आहे म्हणून भांडेही स्वस्त विकावे, ही चूक पुष्कळ ठिकाणी होते आणि तीत घरातील स्त्रीचे श्रम फुकट जातात. उदाहरणादाखल पुढील आकडे घ्या; त्यांच्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत.

समजा, एका वाडग्यास 2 तास लागतात व गावात 8 तासांची मजुरी 400 रुपये आहे. म्हणजे तासास 50 रुपये व वाडग्यास मजुरी 100 रुपये. काचकागद, तेल व हत्यारांची झीज यांचे 10 रुपये धरले, तर खर्च 110 रुपये झाला. दहा वाडगे केले तर खर्च 1,100 रुपये. त्यांपैकी दोन तडकले तर उरलेल्या आठांवर हा खर्च पडतो व एक वाडगा सुमारे 138 रुपयांस पडतो. तो 60 रुपयांस विकला तर विक्री झाल्याचा आनंद होईल, पण प्रत्यक्षात मजुरीची निम्मीही रक्कम हाती येणार नाही.

आता हेच काम दहा वाडग्यांचे एकदम केले, म्हणजे एक दिवस फक्त कापणे, एक दिवस फक्त काठ घासणे असे वाटून घेतले, आणि वेळ सव्वा तासावर आला, तर एका वाडग्याचा खर्च 72 रुपये 50 पैसे होतो. दोन वाडगे बाद धरूनही आठांपैकी प्रत्येक सुमारे 91 रुपयांस पडतो. बाद होणारे नग नारळाच्या योग्य निवडीने व पाण्याच्या परीक्षेने आणखी कमी होतात. नफा करवंटीच्या स्वस्ताईत नसून कामाच्या रीतीत आहे, हे यावरून दिसून येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या कामाचे प्रात्यक्षिक दाखविताना मोठ्या उत्पन्नाची आशा लावू नये. आधी आपल्या घरासाठी एक डवली व एक वाडगा करण्यास सांगावे. महिनाभर ती भांडी वापरून पाहावीत. कोठे तडकले, दांडा ढिला झाला की नाही, वास आला की नाही, हे त्या घरच्या गृहिणीच्याच तोंडून पुढच्या बैठकीत ऐकावे. जे भांडे आपल्या घरी महिनाभर टिकले नाही ते बाजारात नेऊ नये. पहिल्याच खेपेस ग्राहकाच्या घरी वाडगा फुटला, तर त्या गावच्या सर्वच मालाचे नाव जाते व ते परत मिळविणे कठीण होते.

प्रात्यक्षिकास आठ-दहा जणींपेक्षा अधिक गर्दी नसावी. प्रत्येकीच्या हातात करवत आली पाहिजे. पुरुषमंडळींनाही बोलवावे. नारळ कापणे व दांडे करणे ही कामे त्यांनी घेतल्यास घोटाईस वेळ मिळतो. ज्या घरी दररोज एक नारळ लागतो त्या घरी वर्षास 365 नारळांच्या 730 वाट्या निघतात. त्या सर्वांची भांडी होणार नाहीत व करूही नयेत. चांगल्या तेवढ्या निवडून बाकीच्या जळणास ठेवाव्यात. परंतु निवडलेल्या असोत वा जळणाच्या, सर्व करवंट्या छपराखाली पालथ्या रचाव्यात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळताना परसात एक फेरी मारून उताणी करवंटी दिसल्यास ती उलटी करण्याची सवय मुलांना लावावी.

येत्या नारळ पाडणीच्या वेळी चांगल्या घाटाचे चार-सहा नारळ बाजूस काढून हा प्रयोग करून पाहावा. आपल्या हाताने केलेल्या डवलीने घरच्यांच्या ताटात भात वाढला गेला, म्हणजे करवंटी हाती येणे ही लाजेची गोष्ट राहणार नाही.